खाऱ्या पाण्याच्या मुलखातील लहान गुलाब

समुद्रकाठच्या लहानशा बागेत गुलाब लावावयाचा तर खाऱ्या वाऱ्याचा आणि खाऱ्या पाण्याचा विचार आधी करावा लागतो, ही गोष्ट मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसास कोणी सांगावी लागत नाही. परंतु समुद्रापासून दोनशे मैलांहून अधिक अंतरावर, सातपुडा आणि अजिंठा या दोन डोंगररांगांच्या मध्ये वसलेल्या शेगाव, संग्रामपूर किंवा जळगाव जामोद येथील गृहस्थाने आपल्या अंगणात एखादे रोप लावावयाचे म्हटले, तर त्यालाही तोच विचार करावा लागतो, हे महाराष्ट्राच्या इतर भागांतील पुष्कळांना ठाऊक नसते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत येणारी पूर्णा नदी ज्या सखल प्रदेशातून पुढे जाते, त्याच्या मोठ्या भागास खारपाणपट्टा म्हणतात, आणि तेथील विहिरीचा पहिला घोट घेताच त्या नावाची सत्यता जिभेला पटते.

या पट्ट्यात गुलाब होत नाही, असे अनेकजण खात्रीने सांगतात. माझे मत वेगळे आहे. मोठ्या फुलांचा, लांब दांड्याचा कलमी गुलाब येथे कष्टी होतो हे खरे. पण गुडघ्याएवढ्या उंचीचा, लहान पानांचा, स्वतःच्याच मुळांवर वाढलेला गुलाब येथे चांगला जगतो, वर्षातून अनेकदा फुलतो आणि मालकाकडून फारशी निगा मागत नाही. त्याची अट एकच असते, आणि ती म्हणजे मुळांशी साचणाऱ्या क्षारांना खाली निघून जाण्यास वाट ठेवलेली असली पाहिजे. ही अट पाळली तर बाकीची मशागत थोडी आणि सोपी आहे; ती पाळली नाही, तर कितीही खत आणि कितीही औषध घातले तरी रोप दोन-तीन उन्हाळ्यांच्या पलीकडे जात नाही.

वऱ्हाडाचे पूर्वीच्या कारभारात दोन भाग मानीत असत. पूर्णेच्या खोऱ्याचा सखल मुलूख तो पायनघाट, आणि अजिंठ्याच्या रांगेवरील उंच पठाराचा मुलूख तो बालाघाट. बुलढाणा जिल्ह्यात हे दोन्ही भाग आहेत, आणि बागेच्या दृष्टीने ते जणू दोन निराळे जिल्हेच आहेत. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर वसलेले. तेथे, तसेच चिखली-मेहकरकडे, पुष्कळ ठिकाणी मुरमाड, निचऱ्याची जमीन सापडते, उन्हाळ्याच्या रात्री सुसह्य असतात आणि गुलाब लावणाऱ्यास पाण्याच्या टंचाईखेरीज दुसरी मोठी काळजी नसते. घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगावच्या बाजूस आले की खोल काळी जमीन लागते, वैशाखात पारा 44-45 अंशांवर जातो, आणि जसजसे पूर्णेच्या जवळ जावे तसतसे विहिरींचे पाणी खारे होत जाते. या लेखात मी पायनघाटाचाच विचार प्रामुख्याने करणार आहे, कारण अडचण तेथे आहे.

हे खारेपण आले कोठून? पूर्णेचे खोरे हा दोन डोंगरांमधील खचलेला भाग असून नदीने युगानुयुगे आणलेल्या गाळाने तो शेकडो फूट खोलीपर्यंत भरून निघाला आहे. हा गाळ बहुतांशी चिकणमातीचा. तीतून पाणी अतिशय सावकाश झिरपते. पाऊस चार महिन्यांत साधारण 700 ते 800 मिलिमीटर पडतो, आणि उरलेल्या आठ महिन्यांत ऊन आणि वारा त्याहून कितीतरी अधिक पाणी शोषून घेण्याची शक्ती बाळगून असतात. जेथे पाणी खाली जाण्यापेक्षा वर उडून जाण्याकडे कल अधिक, तेथे पाण्याबरोबर आलेले आणि खडकांच्या झिजेतून सुटलेले क्षार वाहून न जाता मागे राहतात. त्यांत सोडियमचे प्रमाण मोठे असते, आणि सोडियम केवळ वनस्पतीला बाधतो असे नाही, तर मातीचीही घडी विस्कटतो: चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांना धरून राहण्याऐवजी सुटे होतात, मातीतील छिद्रे बुजतात, ओली असता ती चिखलासारखी चिकट आणि वाळली असता दगडासारखी कठीण बनते. अशा जमिनीला आपले शेतकरी चोपण म्हणतात. या मुलखातील रयतेने पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या पाण्यावर कापूस, तूर आणि हरभरा पिकवला आणि विहीर जवळ असूनही तिचे पाणी पिकाला देण्याचे टाळले; त्यामागे अनुभवाचे शहाणपण होते. अलीकडे शेततळी खोदून गोड पावसाचे पाणी राखून ठेवण्याची जी रीत वाढली आहे, तीही याच शहाणपणाची पुढची पायरी होय. घरच्या बागेत मात्र हा शिरस्ता सहज मोडतो. बोअरचे पाणी दाराशी असते, रोप सुकलेले दिसते, आणि हात आपोआप बादलीकडे जातो.

त्या बादलीतून रोपाला काय मिळते, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. पाण्यातील क्षार त्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात, आणि त्याचे माप डेसिसायमन प्रति मीटर असे सांगतात. अमेरिकेतील क्षारभूमी प्रयोगशाळेने 1954 साली सिंचनाच्या पाण्याची जी वर्गवारी प्रसिद्ध केली, तीत 0.75 च्या वरचे पाणी अधिक क्षारयुक्त आणि 2.25 च्या वरचे अतिक्षारयुक्त धरले आहे. समुद्राच्या पाण्याचे माप 50 च्या घरात जाते. एक माप क्षारता म्हणजे लिटरमागे साधारण 640 मिलिग्रॅम क्षार. आता समजा, विहिरीचे पाणी 2 मापांचे आहे, म्हणजे फार वाईटही नाही, आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या चार महिन्यांत आपण एका रोपाला एक दिवसाआड पाच लिटर पाणी घातले. पाणी झाले 300 लिटर, आणि त्याबरोबर त्या एका आळ्यात पडलेले क्षार झाले 380 ग्रॅमांहून अधिक. रोप पाणी पिते, पण क्षारांचा बहुतेक भाग मुळांच्या बाहेरच ठेवते. ऊन पाणी नेते, क्षार नेत नाही. पहिल्या उन्हाळ्यात हे जाणवत नाही. दुसऱ्या वर्षी मातीतील द्रावण इतके दाट होते की जमीन ओली दिसत असूनही मुळांना त्यातून पाणी ओढून घेणे जड जाते, आणि भर पाण्यात उभे असलेले रोप तहानलेले राहते. गुलाब हा क्षारांच्या बाबतीत मुळातच नाजूक प्रकृतीचा असल्याने मोगरा किंवा कण्हेर यांच्या आधी तो तक्रार करू लागतो.

ती तक्रार ओळखता आली पाहिजे. प्रथम खालच्या, जुन्या पानांची टोके तपकिरी होतात. मग तो तपकिरी रंग पानाच्या दातेरी कडेने एखाद्या बारीक किनारीसारखा सरकत जातो, आणि ती किनार बोटांत धरली असता कागदासारखी चुरचुरते, पण पानाचा मधला भाग अजून हिरवाच असतो. कुंडी मातीची असेल तर तिच्या बाहेरच्या अंगावर, ओल जेथपर्यंत पाझरते तेथे, पांढरा पोपडा धरतो. जमिनीतील आळ्यात तोच पोपडा मातीच्या ढेकळांच्या टोकांवर दिसतो. कळ्या लहान राहतात, काही न उमलताच वाळतात. पुष्कळ लोक ही लक्षणे पाण्याच्या कमतरतेची समजून त्याच बादलीने आणखी पाणी घालतात, आणि रोपाचा शेवट जवळ आणतात.

क्षार आणि वनस्पती यांचा संबंध डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर याच जिल्ह्यातील लोणारला जावे. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या त्या विवराच्या तळाशी असलेले सरोवर खारे तर आहेच, शिवाय त्याचे पाणी इतके विम्ल आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास राहतो. ऐन-ए-अकबरीत मेहकर सरकाराच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आला आहे, आणि तेथील डोंगरात काच व साबण यांसाठी लागणारे जिन्नस मिळत असल्याची नोंद आहे. तेथील क्षार काढण्याचा धंदा पुढेही दीर्घकाळ चालू होता. परंतु त्याच विवराच्या उतारावर गोड पाण्याची धार अखंड वाहते. त्यामुळे सरोवराच्या काठापासून वर चढत जाणाऱ्या माणसाला थोड्याच अंतरात वनस्पतींचे स्वतंत्र पट्टे लागतात: पाण्याच्या कडेला उजाड क्षारट चिखल, त्याच्या वर खारेपणा सोसणाऱ्या बाभळी आणि काटेरी झुडपे, आणि उतार चढू लागताच, जेथे पाणी मुळांशी न थांबता खाली वाहून जाते तेथे, साग-सीताफळांसारखी नेहमीची झाडे. खाऱ्या पाण्यापासून काही शेकडा पावलांच्या आत एवढा पालट घडवून आणणाऱ्या गोष्टी दोनच, गोड पाणी आणि उतार. अंगणातील गुलाबाच्या वाफ्याला या दोहोंहून अधिक काही लागत नाही.

आता लहान गुलाबच का, याकडे वळू. रोपाच्या पाण्याची गरज त्याच्या एकंदर पर्णभारावर अवलंबून असते. गुडघ्याएवढ्या झुडपाची पाने लहान, त्यांचे एकूण क्षेत्र थोडे, म्हणून त्याला पाणी कमी लागते; पाणी कमी लागले की क्षारही कमी पडतात; आणि जेवढे लागते तेवढे गोड पाणी घरच्या छपरावरून जमा करणे शक्य होते. या साखळीतच त्याच्या कमी निगेचे रहस्य आहे. त्याखेरीज तो कुंडीत राहू शकतो, त्याला आधाराच्या काठ्या लागत नाहीत, आणि एखादी फांदी वाळली तरी शेजारच्या चार फांद्या तिची जागा भरून काढतात.

या लहान गुलाबांचा इतिहास मोठा मनोरम आहे, आणि त्यात हिंदुस्थानचाही वाटा आहे. युरोपातील जुने गुलाब बहुधा वर्षातून एकदाच, वसंताच्या अखेरीस फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील बागांतून वर्षभर फुलणारे गुलाब कंपनी सरकारच्या जहाजांतून पश्चिमेकडे गेले. त्यांतील काही कलकत्त्यावरून गेल्याने युरोपात त्यांना बंगालचे गुलाब असेच नाव पडले. या चिनी गुलाबांच्या सतत फुलण्याचे कारण अलीकडे, 2012 साली, जनुकशास्त्रज्ञांनी उलगडले. रानगुलाबात एक जनुक असा असतो की हंगाम संपताच तो रोपाला फुलणे थांबवून केवळ पाने-फांद्या वाढवण्याचा हुकूम देतो. चिनी गुलाबात त्या जनुकाच्या मधोमध डी.एन.ए.चा एक भटका तुकडा शिरून बसल्याने तो हुकूम निघतच नाही, आणि प्रत्येक नवी फूट शेंड्याशी कळी घेऊनच येते. बागवानाच्या भाषेत याचा अर्थ असा, की ज्या रोपाला नवी फूट येईल त्याला फूल येईल. म्हणून अशा गुलाबाची सगळी मशागत म्हणजे नवी फूट येत राहील एवढेच पाहणे.

या चिनी गुलाबाचा जपानी रानगुलाबाशी संकर होऊन फ्रान्समधील ल्यों शहरात गियो नावाच्या बागवानाने 1875 साली झुपक्यांनी फुलणारा बुटका गुलाब बाजारात आणला. त्या जातीच्या गुलाबांना पॉलिअँथा म्हणतात. 1932 साली इंग्लंडात आलेला ‘द फेअरी’ हा फिक्या गुलाबी रंगाचा पॉलिअँथा आजही जगभर लावला जातो, आणि कमी निगेच्या गुलाबांत त्याची गणना आवर्जून होते. दुसरी शाखा त्याहून लहान गुलाबांची. 1918 च्या सुमारास रुले नावाच्या स्विस डॉक्टरला डोंगरातील एका खेड्यात घरांच्या खिडक्यांतील कुंड्यांतून वाढवलेला, वीतभर उंचीचा गुलाब दिसला; जिनिव्हाच्या कोरव्हाँ नावाच्या वनस्पतिप्रेमी गृहस्थाने तो वाढवून जगापुढे आणला, आणि पुढच्या बहुतेक सर्व लघुगुलाबांच्या वंशावळीत त्याचे रक्त आले. कॅलिफोर्नियातील व्हायसेलिया या गावी राल्फ मूर याने आपले प्रदीर्घ आयुष्य या लघुगुलाबांच्या पैदाशीत घालवले. त्या गावचा उन्हाळा कडक आणि कोरडा असतो, ही गोष्ट पायनघाटातील माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी दिल्लीच्या उन्हात टिकणाऱ्या अनेक जाती निर्माण केल्या आणि 1966 साली हिंदुस्थानातील गुलाबांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक म्हणून राष्ट्राच्या अन्नधान्याची जबाबदारी वाहत असतानाही या शास्त्रज्ञाने गुलाबाचा ध्यास सोडला नाही, याबद्दल मला नेहमी आदर वाटत आला आहे.

खामगाव-शेगावच्या रोपवाटिकांत मात्र ही मोठी नावे ऐकू येणार नाहीत. तेथे बटण गुलाब किंवा काश्मिरी गुलाब म्हणून जे लाल, गुलाबी, पांढरे रोप मिळते ते याच कुळातले, आणि नाव हरवले तरी गुण हरवलेले नाहीत. रोप घेताना एक गोष्ट खाली वाकून पाहावी. बुंध्याशी, मातीच्या थोडे वर, डोळा भरल्याची गाठ दिसली तर ते कलम होय. खोड सरळ मातीतून निघत असेल तर ते फांदीपासून केलेले, स्वतःच्या मुळांचे रोप होय. लहान गुलाबाच्या बाबतीत मी दुसऱ्याची शिफारस करीन, कारण त्याला खुंटाचे रानटी फुटवे काढीत बसावे लागत नाही, आणि उन्हाने किंवा वाळवीने वरचा भाग गेला तरी मुळापासून पुन्हा तोच गुलाब उगवतो. मोठ्या फुलांच्या कलमाचाच हट्ट असेल, तर खुंट कोणता हे विचारावे. विम्ल जमिनीत इंडिका ओडोराटा हा खुंट मल्टिफ्लोरापेक्षा अधिक टिकाव धरतो, असा उत्तरेकडील बागवानांचा अनुभव आहे.

किनाऱ्यावरच्या बागांसाठी पाश्चात्त्य पुस्तके ज्या गुलाबाची मुक्तकंठाने स्तुती करतात, तो रुगोसा येथे आणू नये. जपान-कोरियाच्या समुद्रकाठच्या वाळूत वाढणारा हा गुलाब खारे वारे निश्चितपणे सोसतो, पण तो थंड प्रदेशाचा रहिवासी आहे, आणि वैशाखातील पायनघाट त्याला मानवणार नाही. आपल्या कोकणाचा दाखलाही येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे क्षार वाऱ्यावर येतो, पानांवर बसतो आणि आषाढातील पाऊस तो धुऊन काढतो. जांभ्याची माती आम्ल असल्याने लोहाची वाण पडत नाही, आणि गुलाबाचा खरा शत्रू म्हणजे दमट हवेतील काळ्या ठिपक्यांचा रोग. पायनघाटात क्षार खालून येतो, माती चुनखडीची आणि विम्ल असते, आणि हवा वर्षातील आठ महिने कोरडी असल्याने काळ्या ठिपक्यांचा उपद्रव पावसाळ्यापुरताच राहतो. खारेपणा एकच असला तरी इलाज दोन्हीकडचे निराळे.

लागवडीसाठी पावसाळा संपतानाचा काळ, म्हणजे आश्विन-कार्तिक, मला सर्वांत योग्य वाटतो. जमिनीतील क्षार तेव्हा पावसाने धुतलेले असतात आणि रोपाला उन्हाळ्यापूर्वी चार महिने मूळ धरण्यास मिळतात. भारी काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती आणि शेणखत भरण्याची जी सर्वसाधारण पद्धत आहे, ती येथे घातक ठरते, कारण सभोवतालची चिकण माती पाणी शोषत नाही, आणि तो खड्डा तळाला छिद्र नसलेल्या रांजणासारखा पाणी आणि क्षार दोन्ही साठवून ठेवतो. त्याऐवजी जमिनीच्या वर वीत-दीडवीत उंचीचा वाफा करावा. खाली विटांच्या तुकड्यांचा किंवा जाड मुरमाचा थर, त्यावर घाटावरचा बारीक मुरूम, थोडी रेती आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांचे मिश्रण, आणि वाफ्याच्या एका बाजूस पाणी निघून जाईल असा स्पष्ट उतार, एवढी तजवीज केली की अर्धे काम झाले. जागा शक्यतो घराच्या पूर्वेस निवडावी. सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळावे आणि दुपारनंतर भिंतीची सावली पडावी. कुंडी घ्यावयाची तर दहा-बारा इंचांची, मातीची आणि तळाला मोठे छिद्र असलेली घ्यावी, व ती दोन विटांवर ठेवावी, म्हणजे छिद्र बुजणार नाही.

माती आधीच चोपण असेल तर जिप्समचा उपयोग होतो. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवर चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो आणि कण पुन्हा एकमेकांना धरू लागतात; परंतु सुटलेला सोडियम गोड पाण्याने खाली धुऊन काढला नाही तर तो तेथेच राहतो, म्हणून जिप्सम ज्येष्ठाच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर मातीत मिसळावे. किती मिसळावे हे मातीच्या परीक्षणावरून ठरवणे बरे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 साली स्थापन झाल्यापासून या पट्ट्याच्या जमिनींचा अभ्यास करीत आले आहे, आणि माती-पाण्याचे परीक्षण करून देण्याची सोय आता प्रत्येक जिल्ह्यात आहे.

पाण्याचा बंदोबस्त हे या सगळ्याचे मर्म. शंभर चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे 230 लिटर पाणी मिळते. म्हणजे पडवीच्या पत्र्याला पन्हाळ लावून दोन-तीन चांगल्या सरींचे पाणी झाकणाच्या टाकीत साठवले, तर दोन लहान गुलाबांचा संपूर्ण उन्हाळा त्यावर निघतो. जेथे धरणाच्या पाण्याचा नळ आला आहे तेथे तेही चालते. खारे पाणी वापरण्याखेरीज इलाजच नसेल, तर ते गोड पाण्यात मिसळावे, पानांवर शिंपडू नये, आणि रोज ओंजळभर घालण्याऐवजी चार दिवसांनी भरपूर घालावे, इतके की पाचवा हिस्सा तरी वाफ्याच्या किंवा कुंडीच्या तळातून बाहेर पडेल. रोजच्या थोड्या पाण्याने क्षार मुळांशीच साठतात; भरपूर पाण्याने ते मुळांच्या खाली ढकलले जातात. घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी नळीने बाहेर पडते, ते कोणत्याही परिस्थितीत गुलाबाला घालू नये, कारण मूळ पाण्यातील क्षार त्यात दाट झालेले असतात. भांडी आणि फरशी धुण्यास ते ठीक. वाफ्यावर सोयाबीनचे किंवा हरभऱ्याचे कुटार चार बोटे जाडीचे पसरावे. त्याने माती गार राहते, पाणी उडत नाही, आणि ओलीबरोबर क्षार पृष्ठभागावर चढून येण्याची क्रिया मंदावते. हा उपाय फुकटचा आहे आणि मी पाहिलेल्या सर्व उपायांत त्याचा गुण लवकर दिसतो.

कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसू लागल्या, तर ते लोहाच्या अभावाचे लक्षण समजावे. जमिनीत लोह असतेच, पण चुनखडीच्या विम्ल मातीत ते मुळांना घेता येण्याजोग्या रूपात राहत नाही. हिराकस आळ्यात घातला तर त्याचीही तीच गत होते. म्हणून लिटरभर गोड पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावा, आणि आठवड्याने एकदा पुन्हा फवारावा. पौष-माघात पानांवर भुरी दिसली तर दाटी झालेल्या आतल्या काड्या काढून हवा खेळती ठेवावी. चैत्र-वैशाखात पानांच्या खालच्या अंगास लाल कोळी आले तर सकाळी तेथे गोड पाण्याचा जोरदार फवारा मारणे पुष्कळदा पुरते. यापलीकडे औषधांच्या मागे लागण्याचे लहान गुलाबात सहसा कारण पडत नाही.

छाटणीची भीती बाळगू नये. मोठ्या गुलाबाची छाटणी हे एक शास्त्र आहे. बटण गुलाबाची छाटणी धारदार कात्रीने, झुडपाचा वरचा एक तृतीयांश भाग गोलसर कापून काढला की संपते, मात्र वाळलेली काडी हिरव्या भागापर्यंत कापावी. मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये, आणि दुसरी हलकी छाटणी पावसाच्या आरंभी. छाटणीनंतर साधारण 45 दिवसांनी, थंडीत त्याहून थोडे उशिरा, नवा बहर येतो, आणि या नियमाचा उपयोग करून घेता येतो. श्रीगजानन महाराज 1878 साली शेगावी प्रकट झाले तो दिवस माघ वद्य सप्तमीचा. त्या दिवशी घरच्या पूजेला घरचीच फुले हवी असतील, तर कात्री पौषाच्या पहिल्या आठवड्यात चालवावी, आणि छाटणीनंतर मूठभर निंबोळी पेंड व शेणखत देऊन एक भरपूर पाणी द्यावे.

छाटलेल्या काड्या फेकून देऊ नयेत. पेन्सिलीहून बारीक, पण हिरवटपणा जाऊन किंचित कठीण झालेली, चार डोळ्यांची काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा आणि वरचा काप डोळ्याच्या किंचित वर आडवा द्यावा. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावी, आणि निम्मी काडी धुतलेल्या ओल्या रेतीत खोचून सावलीत ठेवावी. रेती नदीची असेल तर ती आधी पावसाच्या पाण्याने दोनदा धुऊन घ्यावी, कारण कोवळ्या मुळांना क्षार सर्वांत आधी बाधतो. ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्यांना महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. हलके ओढून पाहिले असता काडी अडली, की ती लहान पिशवीत मुरूम आणि शेणखताच्या मिश्रणात हलवावी. पुढचा पावसाळा उलटेपर्यंत ती पिशवीतच राहू द्यावी, आणि आश्विनात, पाऊस उघडताच, उंच वाफ्यात लावावी. शेजाऱ्याला द्यावयाची असेल तर त्याच सुमारास, पन्हाळीच्या पाण्याची गोष्ट नीट समजावून सांगून द्यावी.